चर्चसमोरची ड्यूटी

सकाळी साडेसात. सीएसएमटीला उतरून पायीच निघतो. हॉर्निमन सर्कलजवळच्या एका कार्यालयाच्या दारावर माझी आठ ते आठ ड्यूटी. समोर सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८च्या नाताळात उघडलेलं. इथल्या जुन्या किल्ल्याचा या चर्चकडे येणारा दरवाजा म्हणजे चर्चगेट. दरवाजा पाडला, नाव स्टेशनाला राहिलं.

साडेनऊ. गाड्या सर्कलला वळसे घालतात, माणसं इमारतींच्या कमानींखालून चालतात. वकील, बँकवाले, फायली छातीशी धरलेले शिपाई. आमच्या राळेगावला बाजाराच्या दिवशी लोक चार पावलांवर थांबून बोलत बसतात. इथं चहासुद्धा चालता चालता. दिवसभर उभं राहणाऱ्याला चालणाऱ्यांचा हेवा वाटतो.

अकरा. एक सर कॉलेजची पोरं घेऊन आले. सांगत होते, पूर्वी इथं मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागत. मी कान टवकारले, आमच्या घरी कापूसच पिकतो. १८४४मध्ये तो बाजार कुलाब्याला हलला, पुढे शिवडीकडे. हार्बरवरचं कॉटन ग्रीन स्टेशन त्याच्याच नावाचं. नागपूरला रेल्वे पोचली १८६७मध्ये. म्हणजे आमच्याकडं गाडी यायच्या आधीच इथला कापूस उठला होता! मुंबईतले जुने मैलाचे दगडही म्हणे याच चर्चपासून मोजून रोवलेले. राळेगावचा दगड कितवा पडला असता, याचा हिशेब करत होतो तेवढ्यात साहेबांची गाडी आली. सलाम राहिला. ते बघून गेले.

दीड. डबा पाच मिनिटांत संपवून चर्चमध्ये जाऊन बसतो. आत गारवा. भिंतींवर संगमरवरी स्मारकं. एक गव्हर्नर जोनाथन डंकनचं, १८११ साली वारलेला. कोणी बघत नाही असं पाहून बुटाची नाडी सैल करतो. टाच बाहेर निघते, मोज्याला अंगठ्याशी भोक. दहा मिनिटं तो अंगठा मोकळा. दिवसातली खरी सुट्टी एवढीच.

चार ते सहा नुसती रजिस्टरवर सह्या.

साडेसात. कमानी रिकाम्या. बाबांचा फोन.

"पाय दुखून राह्यले का रे?"

"नाई. कापूस इकला का?"

"घरातच हाये. भाव चढला त पाहू. तिकडं काय भाव चालू हाये?"

"इथं आता कापूस येत नाई, बाबा. समोर चर्च हाये."

"मंग तिथं इचारून पाय."