सावलीचे माप

वृक्षाच्या सान्निध्यात मनाचा शीण हलका होतो, हे आपल्या समाजाने कोणाकडून सिद्ध करून मागितले नव्हते. वेशीवरच्या वडाला पार बांधणाऱ्यांनी ते गृहीतच धरले होते. परंतु त्या पारावर बसण्यासाठी मालकाकडे अर्धा तास मागावयाचा, तर गृहीत धरलेले चालत नाही. तेथे आकडा लागतो.

असे आकडे आता उपलब्ध होऊ लागले आहेत. अमेरिकेतील रॉजर उल्रिच यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासून दाखविले, की ज्यांना खिडकीतून झाडे दिसत, ते समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३६ शहरवासीयांना आठ आठवडे, आठवड्यातून किमान तीनदा, निदान दहा मिनिटे झाडाझुडपांत घालविण्यास सांगितले आणि अशा काही फेऱ्यांच्या आधी व नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल हे ताणाचे द्रव्य मोजले. वीस ते तीस मिनिटांत ते सर्वांत वेगाने उतरते, असे आढळले. कॉर्टिसोल सकाळी चढलेले असते व दिवस कलताना आपोआपच ओसरते. तो उतार वजा करून उरेल तेवढेच श्रेय संशोधकांनी झाडांना दिले, हे विशेष.

परंतु ही माणसे जागा व वेळ स्वतः निवडणारी होती. तेलंगणाच्या सीमेवरील भैंसा गावी, जे पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते व २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात राबणाऱ्या मजुराला ही निवड कोठली? मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही भाषा कानी पडणाऱ्या त्या गावाजवळच गड्डेन्ना प्रकल्पाचा विस्तीर्ण जलाशय आहे. जेवणाच्या सुटीत तेथवर कोण जाणार? कापूस उतरविणारा हमाल तर दिवसभर आकाशाखालीच असतो. त्याला निसर्गाचा सहवास घडतो, असे म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. उन्हाने व कष्टाने नाडी चढते, कापसाच्या धुळीने श्वास कोंदतो. तेव्हा नुसते ठोके मोजून मनाचा ताण कळावयाचा नाही. एकाच कामाचे मजूर, एकाच वेळी, काही पत्र्याखाली व काही कडुनिंबाखाली बसवून हे माप घेतले पाहिजे. असे माप भैंशासारख्या ठिकाणीच घेतले जावे, अशी आमची मागणी आहे.

अर्ध्या तासाची ही मागणी नवी नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून जे निवेदन तयार केले, त्यात रविवारच्या सुटीबरोबर दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. रविवार पदरात पडावयास १८९० उजाडले. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली. ती सावलीत मिळावी की यंत्राच्या घरघरीत, हा प्रश्न मात्र मागे राहिला. शिवाय ज्याची मजुरी वजनावर ठरते, त्याला उठून झाडाखाली जाणे म्हणजे तितक्या पैशांची खोट. ती कोणी भरून द्यावयाची, हे न ठरविता केलेले मोजमाप कागदावरच राहील. आणि आमच्या मते ती भरपाई मालकानेच केली पाहिजे.

आमच्या किनाऱ्यावर तरी याहून निराळे काय आहे? काजूच्या कारखान्यात दिवसभर गर सोलीत बसणाऱ्या बायांच्या भिंतीपलीकडे माडांची रांग डोलत असते. तिच्याकडे पाहण्याइतकी मान वर करावयाची, तर संध्याकाळच्या वजनात तूट येते.