बुडबुड्यांचा हिशेब

गोव्यात पूर्वी पावाच्या पिठात माडाची सूर घालीत. त्या सुरेतील यीस्ट नामक सूक्ष्म जीवांमुळे पीठ फुगून वर येई. हे जीव साखर फोडतात व तिच्यापासून मद्यार्क आणि कर्बाम्ल वायू निर्माण करतात. परंतु एका तासात किती साखर फुटली, हे कसे ठरवावे? साखर तर पाण्यात विरघळून दिसेनाशी झालेली!

येथे निघून जाणारा वायूच साक्षीला येतो. १८० ग्रॅम द्राक्षशर्करा फुटली म्हणजे ९२ ग्रॅम मद्यार्क व ८८ ग्रॅम कर्बाम्ल वायू मिळावा, असे रसायनशास्त्राचे गणित आहे. (जिवंत यीस्ट थोडी साखर स्वतःच्या वाढीसाठी खर्ची घालते, म्हणून प्रत्यक्ष आकडा किंचित कमी भरतो.)

इ. स. १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलले व दाबून त्याचा रस काढला. त्यात जिवंत पेशी नव्हत्या. तरी साखर घालताच बुडबुडे येऊ लागले. जीवाविना किण्वन नाही, हे पाश्चर यांचे मत त्यामुळे ढासळले.

हा रस काम कसे करतो, याचा शोध लंडनच्या लिस्टर संस्थेत आर्थर हार्डन व विल्यम यंग यांनी घेतला. त्यांची रीत साधी, पण मोठी काटेकोर. रसाची कुपी २५ अंश उष्णतेच्या पाण्यात ठेवावयाची व निघणारा वायू पाऱ्याने भरलेल्या अंशांकित नळीत गोळा करावयाचा. नळीत पाणी का नको? कर्बाम्ल वायू पाण्यात विरघळतो व माप चुकते. तो रसातही विरघळणारच. म्हणून रस आधीच त्या वायूने संपृक्त करून घेत.

वायूचा वेग हळूहळू मंदावे. फॉस्फेटचा क्षार घातला की तो एकदम वाढे आणि काही वेळाने पुन्हा उतरे. या उसळीतला जास्तीचा वायू त्यांनी मोजला, तेव्हा घातलेल्या फॉस्फेटच्या एकेका रेणूस वायूचा एकेक रेणू पडला! एवढा नेमका मेळ योगायोगाने बसत नाही. फॉस्फेट साखरेशी जोडले जात होते, आणि तो जोडपदार्थ पुढे वेगळाही काढता आला. आपल्या स्नायूंत साखर फुटतानाही तोच तयार होतो. हार्डन यांना १९२९ मध्ये, हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

घरी प्रयोग करावयाचा असेल, तर पाऱ्याच्या वाटेस जाऊ नये. तो विषारी आहे. बाटलीत कोमट पाणी, साखर व यीस्ट घालून तोंडाला फुगा बांधावा आणि दर दहा मिनिटांनी फुग्याचा घेर दोऱ्याने मोजून वहीत टिपावा.