पाटीवरची पेन्सिल आणि लाल गोळी

सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.१! बीटचा रस, खजूर, गूळ-शेंगदाणे... घरात सगळं काही सुरू होतं. सुरू नव्हती ती फक्त एक गोळी.

"पहिलीत आहे का मुलगा?" पेन्सिलींचा बॉक्स पुढे करत स्टेशनरीवाल्या काकांनी विचारलं. मी नुसतीच हसले. काय सांगणार? माझं बाळ अजून जगातच यायचं होतं, ते पहिलीत कुठून असणार! पाटीवर लिहायच्या त्या करड्या पेन्सिली मला हव्या होत्या. लिहायला नव्हे, खायला!

तिसावा आठवडा सुरू होता. कोपऱ्यावरून वळेपर्यंत अर्धी पेन्सिल कुडुमकुडुम करत फस्त झालेली. त्याआधी फ्रीजमधल्या बर्फाचे ट्रे रिकामे करून झाले होते. घरी कळलं तेव्हा सगळ्यांना भारी गंमत वाटली. 'डोहाळे लागलेत हो!' कुणाला चिंच हवी असते, कुणाला आइस्क्रीम, हिला पेन्सिल! नवऱ्याने तर मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोकही टाकला. दोन जिने चढले की धाप लागायची, दुपारी लॅपटॉपसमोर डोळे मिटायचे, पण पोटात सात महिन्यांचं बाळ असताना हे व्हायचंच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

माझ्या डॉक्टर मॅडमना मात्र अजिबात हसू आलं नाही. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि ब्लड टेस्ट लिहून दिली. माती, खडू, पेन्सिल, बर्फ असलं भलतंसलतं खावंसं वाटणं याला 'पायका' म्हणतात आणि बऱ्याचदा त्यामागे लोहाची कमतरता असते, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.१. शेवटच्या तीन महिन्यांत ते ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया. ७ ते ९.९ म्हणजे मध्यम ॲनिमिया. थोडक्यात काय, मी त्या रकान्यात आरामात बसले होते.

'घेते ना!'

"लोहाच्या गोळ्या नियमित घेतेस ना?" मॅडमनी विचारलं.

आता कबुली देते. हा प्रश्न त्या दर व्हिजिटला विचारायच्या आणि दर वेळी माझं उत्तर ठरलेलं असायचं, 'घेते ना!' प्रत्यक्षात मी त्या जेमतेम तीन आठवडे घेतल्या होत्या. मळमळ व्हायची, तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव यायची, पोट साफ व्हायचं नाही आणि एके दिवशी शी चक्क काळी झालेली पाहून मी घाबरले. त्यात फ्रीलान्सिंग! लेख दिला तर पैसे, नाही दिला तर नाही. डेडलाइनच्या दिवशी मळमळ परवडत नाही. मग ती स्ट्रिप गेली ड्रॉवरमध्ये. त्या बदल्यात सासूबाई रोज सकाळी बीटचा रस देत होत्याच की. तेवढं पुरे, असं वाटलं.

या वेळी मात्र ९.१ चा आकडा समोर होता. खरं सांगून टाकलं. वाटलं, आता चांगलीच बोलणी बसणार. पण मॅडम म्हणाल्या, "अगं, मग आधीच का नाही सांगितलंस? गोळी बदलून दिली असती, वेळ बदलली असती. तुझ्या 'घेते ना'वर विश्वास ठेवला असता तर मी समजले असते, गोळ्या लागू पडत नाहीत. मग नको त्या तपासण्या आणि नको ती धावपळ!"

आणि ती काळी शी? शरीरात न शोषलं गेलेलं लोह बाहेर पडतं, म्हणून तो रंग. गोळी सुरू असताना तसं होणारच. हे वाक्य मला चार महिने आधी विचारायचं सुचलं असतं तर!

बीटचा हिशेब

मॅडमनी कागदावर हिशेब मांडला. पूर्ण गरोदरपणात मिळून साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. बाळाला, वारेला आणि आईच्या वाढत्या रक्ताला. या काळात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं, पण त्यातला पातळ भाग जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी. पाहुणे आले म्हणून आमटीत पाणी वाढवावं तसं! म्हणून आकडा थोडा उतरणं स्वाभाविकच असतं. पण लोहाची सगळ्यात मोठी मागणी येते ती शेवटच्या तीन महिन्यांत, कारण बाळ जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांची पुंजी याच काळात साठवत असतं. आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं, त्यामुळे सहाव्या महिन्यात वरचं अन्न सुरू होईपर्यंत बाळाची भिस्त या पुंजीवरच.

आता बीट. ते लालबुंद आहे म्हणून रक्त वाढवतं, असं आपण धरून चालतो. पण १०० ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅमही लोह नसतं. गरोदर बाईला आहारातून रोज २७ मिलिग्रॅम लोह मिळावं, असं आयसीएमआरचं २०२० चं प्रमाण आहे. पालकात लोह असतं, पण शरीराला त्यातलं फारच थोडं घेता येतं. खजूर आणि गूळ चांगलेच, पण त्या २७ पुढे त्यांची चिल्लर किती जमणार? तर सांगायचा मुद्दा असा, की चांगल्या आहाराने लोह टिकून राहतं, पण हातात दहा आठवडे आणि आकडा ९.१ असेल, तर नुसत्या आहाराने खड्डा भरत नाही. गोळी लागतेच.

"आणि डिलिव्हरीचा दिवस लक्षात घे," मॅडम म्हणाल्या. "नॉर्मल झाली तरी अर्ध्या लिटरपर्यंत रक्त जाऊ शकतं, सिझेरियनमध्ये त्याहून जास्त. त्या दिवशी खात्यात बॅलन्स हवा."

मी मुकाट्याने ड्रॉवरमधली स्ट्रिप बाहेर काढली.

खलनायक अमृततुल्य

पण नुसती गोळी गिळून भागत नाही, हेही कळलं. ज्या तीन आठवड्यांत मी गोळ्या घेतल्या होत्या, तेव्हा 'एकदाचं उरकून टाकू' म्हणून लोह आणि कॅल्शियम दोन्ही गोळ्या नाश्त्यानंतर एकदमच घ्यायचे. आणि वर चहा! पुण्यात राहून दिवसाला पाच कप चहा न पिणारी पत्रकार दाखवा आणि बक्षीस मिळवा. पण चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि कॅल्शियमही त्याची वाट अडवतं. म्हणजे मळमळ सगळी माझ्या वाट्याला आणि लोह मात्र परत!

नवं टाइमटेबल असं ठरलं. लोहाची गोळी रात्री झोपताना, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर, कारण 'क' जीवनसत्त्व लोहाला आत घ्यायला मदत करतं. झोपेत मळमळही जाणवत नाही. कॅल्शियम जेवणाबरोबर. चहा दोनच कप आणि तोही जेवणाच्या आगेमागे तासभर अंतर ठेवून. पहिले चार दिवस डोकं दुखलं, पण पाचव्या दिवशी विसरले.

स्वयंपाकघरातही बदल झाले. सासूबाईंच्या बीटला मी सुट्टी दिली नाही. (घरात शांतताही हवी ना!) पण त्याच्या जोडीला मोड आलेल्या मटकीची उसळ आली, वर लिंबू पिळून. बाजरीची भाकरी आली. चार वाजता बिस्किटांऐवजी पेरू. साताऱ्याहून आजीने माळ्यावरची लोखंडी कढई पाठवून दिली. आमसूल किंवा टोमॅटो घातलेला आंबट पदार्थ त्यात शिजवला की थोडं लोह पदार्थात उतरतं. आजीला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे! मांसाहार करणाऱ्यांचं काम आणखी सोपं, कारण मटण-माशांमधलं लोह भाज्यांमधल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं. फक्त कलेजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात 'अ' जीवनसत्त्व फार असतं आणि गरोदरपणात त्याचा अतिरेक बाळाला बाधू शकतो.

स्ट्रिपवरची गोष्ट

रात्री गोळी घेताना स्ट्रिपवर वाचलं, लोहाबरोबर 'फॉलिक ॲसिड'सुद्धा आहे. हे कशाला? पत्रकाराची खोड, शोधत बसले. आणि गोष्ट निघाली थेट आपल्या मुंबईची! १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा गंभीर ॲनिमिया त्यांनी अभ्यासायला घेतला. यीस्टपासून बनणारं मार्माइट दिलं की या बायका सुधारतात, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्यातला तो गुणकारी घटक म्हणजेच फोलेट. आज जगभरातल्या गरोदर बायका जी गोळी घेतात, तिचा एक धागा असा गिरणगावातून येतो.

या गोष्टीतून एक शिकण्यासारखं आहे. प्रत्येक ॲनिमिया लोहाचाच नसतो. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. शाकाहारी घरांत हे सहज होतं. कुणाला थॅलेसेमिया मायनर असतो, त्यातही हिमोग्लोबिन कमी दिसतं. नेमाने गोळ्या घेऊनही महिन्याभरात आकडा हलला नाही, तर डॉक्टर या दिशेने तपासणी करतात. पण त्यासाठी तुम्ही खरंच गोळ्या घेतल्या होत्या की नाही, हे त्यांना खरं कळायला हवं. पुन्हा गाडी 'घेते ना'वर आली!

मावशींची सून

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची सून त्याच सुमारास आठव्या महिन्यात होती. एकदा सहज विचारलं, ती गोळ्या घेते का? मावशी म्हणाल्या, "न घेऊन सांगते कुणाला! आशाताई समोर उभी राहते आणि रिकाम्या गोळ्यांची पाकिटं मोजते." सरकारी दवाखान्यातली ती फुकट मिळणारी लाल गोळी. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. माझ्या महागड्या स्ट्रिपमध्येही होतं ते लोहच, फक्त पॅकिंग चकचकीत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांमध्ये ॲनिमिया आढळला. म्हणजे दर दोघींत एक. मी आपली समजत होते की हा आकडा 'त्यांचा' आहे, लांबच्या खेड्यांतला. तो माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, माझ्याच ड्रॉवरमध्ये होता.

आणि मग...

मॅडमनी महिन्याची मुदत दिली होती. आकडा साधारण एकने चढला तर ठीक, नाहीतर शिरेतून लोह द्यायचं. ते ऐकून मी धसकले होते, पण माझ्या एका मैत्रिणीला चौतिसाव्या आठवड्यात तसं दिलं होतं. डिलिव्हरीला थोडेच दिवस उरलेत, गोळ्या सोसत नाहीत, अशा वेळी तो चांगला मार्ग असतो. हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात आणि बहुतेकींना त्याच दिवशी घरी सोडतात.

माझ्यावर ती वेळ आली नाही. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस लक्षात आलं, पेन्सिलीची आठवणच आली नाहीये. चौतिसाव्या आठवड्यात रिपोर्ट आला, १०.२. अडतिसाव्यात ११.

नॉर्मल होईल असं वाटत असताना ऐन वेळी सिझेरियन करावं लागलं. रक्त बरंच गेलं, पण चढवावं लागलं नाही. "९.१ वर आली असतीस ना, तर आज मला इतकं निवांत राहता आलं नसतं," दुसऱ्या दिवशी राउंडला मॅडम म्हणाल्या. नाळ कापायलाही त्या मिनिटभर थांबल्या होत्या. तेवढ्या वेळात वारेतलं आणखी रक्त आणि त्याबरोबर लोह बाळाकडे जातं.

लेक आता तीन महिन्यांची आहे. मी रोज रात्री गोळी घेते (खरंच घेते!) आणि दुपारी आजीच्या हातचे अळिवाचे लाडू. पेन्सिलींचा बॉक्स कपाटात आहे, त्यात चार उरल्यात. लेक पहिलीत जाईल तेव्हा देईन तिला. लिहायला हं, खायला नव्हे!

लक्षात ठेवा

• गोळी सोसत नसेल तर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गोळी, वेळ किंवा डोस बदलता येतो. मनाने डोस वाढवूही नका.

• लोहाची गोळी चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या औषधांपासून दूर. मध्ये निदान एक-दोन तास जाऊ द्या.

• स्ट्रिपवर प्रत्यक्ष लोह किती आहे तो आकडा वाचा, नावावर आणि किमतीवर जाऊ नका.

• बद्धकोष्ठतेसाठी भरपूर पाणी, पालेभाज्या, फळं आणि रोजचं चालणं.

• धाप, छातीत धडधड, चक्कर किंवा पेन्सिल-माती-बर्फ खायची इच्छा याला 'डोहाळे' म्हणून सोडून देऊ नका.

• घरात लहान मूल असेल तर गोळ्या त्याच्या हाताला लागू देऊ नका. लोहाचा जास्त डोस लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो.