येतं सगळं, पण करत नाही

“मॅडम, त्याला सगळं येतं हो, पण करत काही नाही.” छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात समुपदेशनाचं काम करताना आईबापांचं पहिलं गाऱ्हाणं बहुधा हेच असतं. असाच एक मुलगा नववीतला, अतिचंचल. बंद पडलेला मिक्सर खोलून जोडतो. पण अंघोळीला दहा हाका लागतात, डबा दप्तरातच आंबतो, दुकानात सुट्या पैशांवरून हमरीतुमरी होते.

अतिचंचल किंवा टोकाच्या हट्टी मुलांची बुद्धी बऱ्याचदा वयाला साजेशी असते. मागे पडतं ते रोजचं व्यवहारज्ञान. स्वतःला आवरणं, वेळेचा अंदाज घेणं, कामाचा क्रम लावणं ही कपाळामागच्या मेंदूची कामं. हा भाग पिकायला पंचविशी उजाडते. अतिचंचल मुलांत त्याची वाढ आणखी रेंगाळते. म्हणून ‘आळशी’ हा शिक्का चुकीचा.

व्यवहारज्ञानातलं हे मागे पडणं मोजता येतं. अमेरिकेत व्हाइनलँड इथं एडगर डॉल यांनी 1935 साली सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी तयार केली. नागपूरच्या मालिन यांनी तिला भारतीय रूप दिलं. त्यात 89 बाबी आहेत, जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या. बहुतेक माहिती पालकांकडून घेतात, आणि तीही मुलाला काय येतं याची नव्हे, तो रोज काय करतो याची. चौदा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या मुलाइतकंच करत असेल, तर त्याचा सामाजिक गुणांक साधारण 71 येतो.

त्या नववीतल्या मुलाच्या घरी आम्ही पाण्याचं काम निवडलं. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ते खालच्या हौदात साठवायचं, मग मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. वडील म्हणाले, “मोटार जाळेल तो.” तरी बटणाशेजारी स्केचपेननं लिहिलेला कागद चिकटवला: हौद बघ. मोटार लाव. मोबाइलवर गजर लाव. गजर झाला की टाकी बघ. मोटार बंद कर.

पहिल्या खेपेला टाकी वाहिली, शेजारी ओरडले. आईनं न चिडता गजर पाच मिनिटं अलीकडे घ्यायला लावला. आधी ती शेजारी उभी राहायची, मग स्वयंपाकघरातून विचारायची, पुढे विचारणंही सोडलं. ‘शहाणा गं बाई’ असं मोघम कौतुक नाही. “गजर झाल्याबरोबर उठलास,” एवढंच, पण तिथल्या तिथं.

एका वेळी एकच काम धरावं. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती चालू ठेवावी. तिनं चित्त थाऱ्यावर येतं, पण टाकी भरायला गोळी शिकवत नाही. मारहाण, तोडफोड होत असेल तर घाटी या सरकारी रुग्णालयातला मनोविकार विभाग गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांकही मोफत आहे.

दहावीच्या शिकवण्या गल्लोगल्ली मिळतात. टाकी, बस आणि सुट्या पैशांची शिकवणी मात्र घरीच घ्यावी लागते, आणि ‘राहू दे, तू घोळ घालशील’ म्हणणाऱ्या घरात ती कधीच सुरू होत नाही.