‘प्रोव्होक’ : चिथावणी आणि दाद

‘प्रोव्होक’ म्हणजे चिथावणे. मूळ लॅटिन ‘प्रोवोकारे’ : ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘वोकारे’ म्हणजे हाक मारणे. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध नागरिक जनतेकडे दाद मागे, तिलाही ‘प्रोवोकातिओ’ म्हणत. चिथावणी आणि दाद, दोहोंचे मूळ एकच.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. ही चिथावणी होती. संतप्त वस्ती रस्त्यावर आली, ती दाद मागायला. राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मारली गेली. पुढे गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला.

म्हणून ‘जमाव भडकला’ असे वाचले की आपण विचारावे : भडकवले कोणी, आणि दाद कोणी दिली नाही?