विश्लेषण : गर्दीत हात सुटलेले मूल, पायरीवर बसून राहिलेली आजी... धावून कोण येते?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज मोझरीत मौन श्रद्धांजली होते आणि हजारोंची गर्दी एका क्षणी स्तब्ध होते. खरी कसोटी त्यानंतर लागते. सगळे एकदमच परतीला निघतात. कुणी एसटी पकडतो, कुणी ट्रॅक्टर शोधतो, आणि नागपूर-अमरावती महामार्ग तर गावाला लागूनच आहे. अशा वेळी चार वर्षांचे मूल रडत उभे दिसले, किंवा एखादी आजी सकाळपासून एकाच जागी बसून आहे आणि तिला न्यायला कुणीच येत नाही हे लक्षात आले, तर सांगायचे कुणाला? दोघांसाठीही कायदे आहेत, यंत्रणाही आहेत. मात्र मुलासाठीची वाट बऱ्यापैकी सरळ आहे आणि आजीसाठीची फाटे फुटलेली.

मूल सापडले तर पहिल्या २४ तासांत काय होते?

१०९८ हा क्रमांक २४ तास सुरू असतो. पूर्वी तो चाइल्डलाइन ही स्वयंसेवी यंत्रणा चालवत असे. ‘मिशन वात्सल्य’नंतर तो महिला व बाल विकास विभागाकडे आला आणि ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडला गेला. फोन गेला की जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसे आणि पोलीस कामाला लागतात. मोझरी तिवसा तालुक्यात येते. कायद्याने प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही आणि त्याच्याशी बोलणारा पोलीस शक्यतो साध्या वेशात असावा, असा नियम आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशा मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यासमोर नेले तरी चालते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या या समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल घरी पाठवायचे की बालगृहात, हे तीच ठरवते. ठाणेदार ते ठरवू शकत नाही, सरपंचही नाही, आणि मूल ज्याला सापडले तो तर नाहीच.

हे शेवटचे मुद्दाम सांगितले. ‘बिचाऱ्याला घरी नेऊन जेवू घातले’ किंवा ‘आमच्या नात्यात मूल नसलेले जोडपे आहे, त्यांना दिले’ हे चांगुलपणाने केले जाते, पण बेकायदा आहे. सापडलेल्या मुलाची माहिती २४ तासांत न देणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड होऊ शकतो. दत्तकविधानाचा मार्ग स्वतंत्र आहे आणि १ सप्टेंबर २०२२ पासून त्याचा अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. मुलाचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या दहा ग्रुपवर टाकणेही टाळा. अशा मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. प्रसिद्धी द्यायची की नाही हे पोलीस आणि समिती ठरवतात. फोटो पाहून ‘मी त्याचा काका’ म्हणत येणारा प्रत्येक जण काका असतोच असे नाही.

मूल तुमचेच हरवले असेल तर? ‘२४ तास वाट पाहा’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनुसार बेपत्ता मुलाची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवावा लागतो.

गावातली समिती कुठे आहे?

जिल्ह्याचे कार्यालय अमरावतीत आहे, पण मूल असते गावात. म्हणून प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असावी अशी रचना आहे. सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असतात. शिवाय पोलीस पाटील, आशा, शिक्षक आणि मुलांचे प्रतिनिधीही असतात. कागदावर हे उत्तम आहे. अडचण अशी की अनेकांना आपण या समितीचे सदस्य आहोत हेच ठाऊक नसते. तुमच्या ग्रामपंचायतीत विचारून पाहा, शेवटची बैठक कधी झाली?

ही समिती जागी असेल तर बरेच काही होऊ शकते. शाळेतून अचानक गायब झालेली नववीतली मुलगी सर्वांत आधी शिक्षकांच्या लक्षात येते. लग्नपत्रिका छापल्याचे अंगणवाडी सेविकेच्या कानावर येते. ग्रामसेवक (ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे) हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. या तिघांनी एकमेकांना फोन केला तरी लग्न थांबू शकते.

वऱ्हाडात आणखी एक काम मोठे आहे. ज्या घरात शेतकरी बापाने आत्महत्या केली, तिथले मूल ‘सापडलेले’ नसते, पण त्यालाही आधार हवा असतो. त्याला बालगृहात न पाठवता आईजवळच राहता यावे म्हणून बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा, मंजुरी बाल कल्याण समितीची. हा अर्ज भरून द्यायला कुणी सोबत गेले नाही, तर ती आई तालुक्याच्या चकरा मारून थकते.

अत्याचाराची शंका आली तर?

इथे ‘आपल्याले काय करा लागते’ म्हणून चालत नाही. पोक्सो कायदा, २०१२ नुसार माहिती असूनही न कळवणे हाच गुन्हा आहे. शेजारी, शिक्षक, डॉक्टर, वसतिगृहाचा अधीक्षक, कुणालाच सूट नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा. रात्री ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते आणि एफआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. समिती खटला संपेपर्यंत सोबत राहणारी सहायक व्यक्ती देऊ शकते. आर्थिक मदतीसाठी ‘मनोधैर्य’ योजना आहे आणि ते काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असते. इतकी खाती एका मुलीसाठी हलतात. पण पहिला फोन कुणीतरी करावा लागतो.

मग त्या आजीचे काय?

तिच्यासाठी बाल कल्याण समितीसारखे एकच दार नाही. आधी तिची अडचण कोणती हे ओळखावे लागते. मुलांनी सोडून दिले असेल तर २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा लागू होतो. उपविभागीय अधिकाऱ्यांचे न्यायाधिकरण महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता ठरवू शकते. अर्ज तिच्या वतीने संस्थाही करू शकते, न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. सांभाळण्याच्या अटीवर शेत नावावर करून दिले आणि मग वाऱ्यावर सोडले, तर ते बक्षीसपत्र रद्दही होऊ शकते. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. घरात मारहाण होत असलेल्या बाईसाठी १८१ आणि ‘सखी’ केंद्र आहे.

भान हरपून रस्त्याने फिरणारी व्यक्ती असेल तर मानसिक आरोग्य कायदा, २०१७ पोलिसांना जबाबदार धरतो. तिला कोठडीत न ठेवता २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचे आणि बेपत्ता म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. विदर्भासाठीचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात आहे. अपंग व्यक्तीचा छळ होत असेल तर २०१६ च्या कायद्यानुसार तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रत्यक्षात बहुधा तहसीलदारांकडे जाते. महसूल, पोलीस, आरोग्य, समाजकल्याण अशी चार खाती झाली. आजीने यातले कुठले दार ठोठवायचे, हे तिला कोण सांगणार?

अठरावा वाढदिवस

ही दरी सर्वांत स्पष्ट दिसते ती याच जिल्ह्यातल्या वझ्झरला. परतवाड्याजवळच्या या गावात शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस अपंग मुलांसाठी बालगृह उभारले आणि १२३ मुलांना स्वतःचे नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी इथे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. ती तान्ही असताना जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली सापडली होती. तिथून वझ्झरपर्यंत ती पोचली, कारण वाटेतल्या कुणीही तिचा हात सोडला नाही.

पण बाल न्याय कायद्याचे छत्र १८ व्या वर्षी संपते. नंतरची अनुरक्षण मदत साधारण २१ पर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत. जी मुलगी परीक्षा देऊ शकते तिला तेवढी मुदत पुरेल. जो मुलगा स्वतः घासही घेऊ शकत नाही, त्याचे वय कागदावर १८ झाले म्हणून काय बदलते? राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढाला पालक नेमून देऊ शकते, पण राहायला घर देत नाही. बेवारस अपंग मुलांना १८ नंतरही त्याच संस्थेत आयुष्यभर राहता यावे असा कायदा करा, ही शंकरबाबांची मागणी वर्षानुवर्षांची आहे. तोवर वझ्झरची मुले तिथेच राहतात, तिशी-चाळिशीच्या वयातही, आणि शंकरबाबाच त्यांचे वडील.