अक्षरे हरवतात तेव्हा : मेंदू, जपानी लिपी आणि आपली बाराखडी

बोलणे मूल ऐकून ऐकून शिकते. वाचन मात्र शिकवावेच लागते. त्यासाठी मेंदूतील पाहण्याची, ध्वनीची व अर्थाची केंद्रे परस्परांशी सांधली जावी लागतात. हे सांधे कोठे आहेत, हे ते तुटलेल्या रुग्णांवरूनच कळत गेले. १८९२ साली देजरिन या फ्रेंच वैद्यांनी अशा एका गृहस्थांची हकीकत नोंदवली, की ज्यांना लिहिता येई, पण स्वतः लिहिलेलेच वाचता येत नसे.

या शोधात जपानी भाषेने मोलाची भर घातली. जपानी वाक्यात दोन प्रकारची चिन्हे शेजारी नांदतात. ‘काना’ ही ध्वनीची चिन्हे. ‘कांजी’ ही चिनी लिपीतून आलेली, अर्थ वाहणारी चिन्हे. डोंगराचे कांजी एकच, तीन शिखरांसारखे. ते कधी ‘यामा’ वाचतात, तर ‘फुजिसान’मध्ये ‘सान’. कानामध्ये मात्र ‘या’ आणि ‘मा’ अशी दोन अक्षरे लिहावी लागतात. कानाच्या वर्णक्रमामागे बौद्ध भिक्षूंनी जपानात नेलेला सिद्धम् लिपीचा अभ्यास आहे, हे आम्हांस विशेष वाटते.

पक्षाघातानंतर काही जपानी रुग्णांत यांपैकी एकच वाचन अधिक बिघडलेले आढळते. सुमिको सासानुमा यांनी १९७० च्या दशकात हा भेद बारकाईने अभ्यासला. पुढे माकोतो इवाता यांनी वाचनाच्या दोन वाटा मांडल्या. डाव्या कानाच्या वर व मागे मेंदूची ‘अँग्युलर गायरस’ ही घडी असते. तेथे इजा झाल्यास अक्षर-ध्वनीचा सांधा निखळतो व काना अडते. डाव्या कानशिलाच्या खालच्या-मागच्या भागास इजा झाल्यास कांजी ओळखता वा लिहिता येत नाही, काना बरीचशी शाबूत राहते. अर्थात प्रत्यक्ष रुग्णात ही विभागणी इतकी चोख क्वचितच असते.

आपली देवनागरी ध्वनीची लिपी खरी, पण तिचे वळण निराळे. कानामध्ये ‘का’ आणि ‘की’ यांची चिन्हे सर्वस्वी वेगळी. आपल्याकडे ‘क’ तसाच राहतो, चिन्ह तेवढे बदलते. आपल्या ‘कुंभिवली’तच पाहा : उकार खाली, अनुस्वार वर, आणि ‘भि’ची वेलांटी डोळ्यांना आधी भेटते, उच्चारात मागून येते. एवढी जुळवाजुळव मेंदू निमिषार्धात करतो.

आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. बोलणे नीट असूनही एखाद्याला एकाएकी वर्तमानपत्र वाचता येईना, तर केवळ चष्म्याला दोष देऊ नये. तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी उजव्या बाजूचे दिसणेही पुष्कळदा गेलेले असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेव्हा रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

पुढचे काम धीराचे. जपानी माणसे कांजी आठवताना हवेत बोट फिरवतात, त्याला ‘कूशो’ म्हणतात. ज्यांना लिहिता येते पण वाचता येत नाही, अशा काही रुग्णांना अक्षर बोटाने गिरवले की ते ओळखू येते. डोळ्यांची वाट बंद झाली तरी हाताची उघडी असते. पहिलीच्या वर्गात आम्ही पाटीवर गिरवून घेतो, ते असेच.